135 मिलिमीटरच्या पापलेटचा हिशेब

मासे वाचवायचे म्हटले की आपल्याकडची चर्चा जीवशास्त्रापासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. मासा अंडी केव्हा घालतो हे कळायलाच हवे. परंतु अंडी घालण्याआधीच तो जाळ्यात का येतो, हे समजून घ्यायचे तर अर्थशास्त्राकडे जावे लागते, असे माझे ठाम मत आहे.

महाराष्ट्राने 2023 मध्ये पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला आणि त्याच वर्षी 54 प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकारमान ठरवले. पापलेटसाठी ते 135 मिलिमीटर आहे. पालघर जिल्ह्यातल्या सातपाटी बंदरात पापलेटची वजनानुसार प्रतवारी होते आणि मोठ्या मालाला किलोमागे कितीतरी जास्त भाव मिळतो. पिल्लू आणखी काही महिने पाण्यात राहिले तर वजनही वाढेल आणि दरही, हे तिथल्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, कोणी शिकवायला नको. तरीही लहान मासा बंदरावर येतोच, कारण मोठ्या आसाचे, म्हणजे मोठ्या छिद्रांचे, जाळे लावून एकाने वाचवलेला मासा उद्या दुसऱ्याच्या बोटीत जातो, आणि डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार व कर्जाचा हप्ता मात्र वाचवणाऱ्याच्याच माथी राहतो. कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ स्कॉट गॉर्डन यांनी 1954 मध्ये हेच मांडले होते: समुद्र सर्वांना खुला असेल, तर नफा संपेपर्यंत बोटी वाढतच जातात. मच्छीमाराला हावरट ठरवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

कासव किंवा व्हेल शार्क जाळ्यात सापडला तरी प्रश्न हाच असतो. कायद्याने त्याला संरक्षण आहे, पण त्याला सोडवायला जाळे कापावे लागते आणि ते नव्याने घ्यायचे पैसे कोण देणार? डिसेंबर 2018 मध्ये राज्याने अशा जाळ्यासाठी 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई सुरू केली. मच्छीमार सुटकेचे फोटो किंवा व्हिडिओ पुरावा म्हणून देतो आणि पंचनाम्याचा वाद टळतो. संरक्षणाचा खर्च एकट्या मच्छीमारावर पडू न देणारी ही योजना मला फार मोलाची वाटते.

पापलेटच्या बाबतीत मात्र हिशेब अजून अर्धाच झाला आहे. एका ताटात एक अख्खा मासा बसावा म्हणून हॉटेले लहान पापलेट मागतात, आणि मागणी असेपर्यंत बंदरावरच्या तपासणीला मर्यादा राहणारच. तेव्हा मोठ्या आसाची जाळी घेणाऱ्याला पहिल्या हंगामात किती तूट येते आणि ती सहकारी सोसायटीमार्फत कशी भरून काढता येईल, याचा बंदरनिहाय अभ्यास मत्स्य विभागाने आधी करून घ्यावा.