‘फिरायला जा’ म्हणणं आणि सोबत फिरायला जाणं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नैराश्यात रोजचा दिवस कसा पार पाडावा, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “सकाळी उन्हात बसा, थोडं चाला, एखादं काम हातावेगळं करा, ही सगळी पोट भरलेल्यांची थेरं आहेत. माझा धाकटा भाऊ दोन महिने अंथरुणातून उठत नाही. त्यालाही घरचे हेच सांगतात, जरा मन रमव. तुम्ही तेच गोड शब्दांत सांगितलंत. हा मेंदूचा आजार आहे, त्याला औषध लागतं.”

तुमचा राग मला कळतो. औषधाबद्दलचं तुमचं म्हणणं मान्यही आहे. मी स्वतः या आजारात गोळ्या घेतल्या आहेत आणि त्यांच्याशिवाय उभी राहिले नसते. पण बाकीचं मला पटत नाही.

आधी भावाचं बोलू. दोन महिने जो उठत नाही त्याला मानसोपचारतज्ज्ञ हवा, आणि लवकर हवा. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढा आणि मानसोपचाराची ओपीडी कोणत्या दिवशी असते ते विचारून घ्या. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन यांच्या तपासण्या करायच्या का, हेही विचारा. त्यांतल्या बिघाडानेही माणूस असा गळून जातो. आणखी एक गोष्ट आठवणीने सांगा. यापूर्वी कधी काही दिवस तो अगदी कमी झोपून प्रचंड उत्साहात होता का, खूप बोलत होता का, पैसे उधळत होता का? तसं असेल तर औषधांची निवडच बदलते. घरच्यांना ते दिवस ‘चांगले’ वाटलेले असतात, म्हणून कोणी डॉक्टरांना सांगत नाही.

गोळी सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, बेचैनी होऊ शकते. गुण यायला मात्र साधारण दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. त्रास आधी आणि फायदा नंतर, त्यामुळे पुष्कळ लोक नेमके याच काळात गोळी सोडतात. तुम्ही त्याला सोडू देऊ नका. त्रास फार असेल तर डॉक्टरांना फोन करा. वय पंचविशीच्या आत असेल तर या सुरुवातीच्या दिवसांत त्याच्यावर जास्त लक्ष ठेवा. ‘मरावंसं वाटतं का?’ हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, असलेला बाहेर येतो. तो ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं ठेवू नका, गोळ्या आणि कीटकनाशकं घरातून हलवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री कोणाशी बोलायचं कळत नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

आता तुमच्या ‘थेरं’ या शब्दाकडे येते.

गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था मानसिक आरोग्यावर काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक मोठा अभ्यास केला. तो २०१६ च्या अखेरीस ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. सरकारी केंद्रात येणारे ४९५ रुग्ण, त्यांत बहुतेक बाया, आणि सगळ्यांचं नैराश्य बऱ्यापैकी तीव्र. त्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांतल्या रुग्णांच्या डॉक्टरांना निदान कळवलेलं होतं. त्यांतल्या एका गटाला याशिवाय सहा ते आठ भेटी मिळाल्या. भेटणारे लोक मानसोपचाराचं शिक्षण नसलेले, तिथलेच, या कामापुरते तयार केलेले. ते रुग्णासोबत बसून दिवसाचा आराखडा करत : कोणत्या गोष्टी सुटल्या, त्यांतली सगळ्यात लहान कोणती परत धरता येईल, किती वाजता, कोणाच्या मदतीने. आड येणाऱ्या अडचणींवरही दोघं मिळून विचार करत. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. वर्षभरानंतरही फरक टिकून होता. शंभरातल्या छत्तीस जणांना तीन महिन्यांत हे पुरलं नाही, हेही त्याच आकड्यांत दिसतं. म्हणून मी याला औषधाला पर्याय म्हणत नाही. पण आरोग्य केंद्राच्या बाकड्यावर नंबर लावून बसलेल्या बाईला ज्याचा उपयोग झाला, त्याला पोट भरलेल्यांची थेरं कसं म्हणू?

आणि हे ‘मन रमव’ मुळीच नाही. ‘मन रमव’ म्हणणारा आधी मनाकडून मागणी करतो. आजारी माणसाचं मन रमत नाही, तोच तर आजार आहे. मग तो स्वतःला आणखी दोष देतो. या उपचारात मनाला बाजूला ठेवतात. माणूस आजारी पडला की एकेक गोष्ट सोडत जातो : अंघोळ, मित्राचा फोन, कट्टा, जेवायला सगळ्यांबरोबर बसणं. सोडलं की बरं वाटायची जी काही थोडी कारणं होती तीही जातात आणि तो आणखी खाली जातो. हे चक्र विचारांच्या बाजूने तोडणं त्या अवस्थेत फार कठीण असतं. कृतीच्या बाजूने, अगदी थोडं, तुटू शकतं. बरं वाटलं की करीन, असं नाही. बरं वाटो न वाटो, ठरल्या वेळी करायचं.

माझ्या आजारपणात वहिनी संध्याकाळी मेथीची जुडी घेऊन माझ्या खोलीत येऊन बसायची. “बस माझ्याजवळ, जमली तर निवड,” एवढंच. किती निवडली ते तिने कधी पाहिलं नाही, ‘बघ, बरं वाटलं ना?’ असंही विचारलं नाही. मला कितीतरी दिवस काहीच वाटत नव्हतं. पण त्या वेळेला मी उठून बसायला लागले होते. पुढे औषधाने उचल खाल्ली तेव्हा धरायला काहीतरी होतं.

तुमच्या भावाला सगळे ‘जा’ म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. त्याच्याबरोबर कोण जातं? औषध सुरू होऊन तो थोडा सावरला की एकच गोष्ट निवडा, आणि त्याला जमेल असं तुम्हाला वाटतं त्याच्या निम्मी ठेवा. फिरणं राहू दे. सकाळी चहा अंथरुणात न देता गॅलरीत किंवा ओट्यावर, रोज एकाच वेळी, आणि तुम्ही शेजारी. सकाळ हा त्याचा सगळ्यात वाईट वेळ असेल, कित्येकांचा असतोच, तर दुपारचा चहा धरा. पहिले काही दिवस तो पाठ फिरवून झोपेल. तेव्हा चिडू नका, समजावतही बसू नका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा हाक मारा. तो आला तर कौतुकाचा गाजावाजा नको.

ओपीडीत काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, ते जमलं तर इथेच लिहा. आणि घरात हे सगळं तुम्ही एकटेच ओढत असाल तर तेही लिहा. त्यावरही बोलायला हवं.