पस्तिसाचा घाम : वाल्टेअरवाल्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली तेव्हा डोकं तापलं. सकाळी तर्रीपोहे खाता खाता आईला मोठ्याने वाचून दाखवली, तर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग माझाही राग गेला.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: मे महिन्यात आई, बायको आणि नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन मी चार दिवस विशाखापट्टणमला, म्हणजे विझागला, गेलो होतो. आल्यावर लिहिलं की नागपूरकरांनो, मे महिन्यात तिकडे जाऊ नका, हाल होतात. काका रेल्वेत होते, सहा वर्षं वाल्टेअरला, म्हणजे विझागलाच, काढलेली. त्यांनी लिहिलंय, "४५ अंशांत वाढलेला माणूस ३५ मध्ये रडतो, काहून लाजवतो नागपूरला? पोराला पाण्यात उतरू देत नाही, पूर्व किनाऱ्यावर समुद्रात सूर्य बुडवतो, आणि ज्या गावाशी आपल्या गावाचं जुनं नातं, ते याला दिसतच नाही."

सूर्याचं आधी उरकतो, कारण तिथे मी चारी मुंड्या चीत आहे. फोटोखाली 'समुद्रावरचा सूर्यास्त' हे मीच लिहिलं होतं. तो सूर्योदय होता, पहाटे साडेपाचच्या सुमाराचा, आर. के. बीचवरचा. विझागला सूर्य पाण्यातून वर येतो आणि संध्याकाळी डोंगरांकडे जातो. आमच्यासाठी समुद्र म्हणजे गोवा नाहीतर गणपतीपुळे, त्यामुळे समुद्र म्हटला की हात आपोआप सूर्यास्त लिहून मोकळा होतो. ओळ दुरुस्त केली आहे.

उन्हाचं मात्र मी सोडणार नाही.

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ४४ अंश असतात तेव्हा हवेत आर्द्रता समजा १५ टक्के. विझागला ३५ अंश आणि ७० टक्के धरा. आता थर्मामीटरच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळून त्याला वारा घाला. नागपुरात पारा २३ च्या आसपास उतरेल. विझागला तो ३० वरच अडून बसेल. घामाने भिजलेलं अंग म्हणजे तेच ओलं फडकं. आपला वाळ्याचा कूलर काही जादू करत नाही, तो पाणी वाळताना येणाऱ्या याच गारव्याच्या जिवावर चालतो. तोच कूलर तिकडे लावलात तर खोलीत नुसती वाफ कोंडेल.

सीताबर्डीहून सदरला स्कूटरवर येईस्तोवर तोंडाला बांधलेला ओला दुपट्टा कसा खडखडीत वाळतो, ते तुम्हाला मी काय सांगू. तिकडे मुलाची बनियन रात्री आठला बाल्कनीत वाळत घातली, ती सकाळी सातला काढली तरी दमटच, वर हाताला खारट चिकटा. बाल्कनीची दांडीसुद्धा चिकट.

आणि आईचं सांगतो, कारण लेख तिच्यामुळेच तसा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कुरसुरा पाणबुडी पाहिली. १९६९ साली नौदलात आलेली, २००१ मध्ये निवृत्त झालेली आणि २००२ पासून किनाऱ्यावर लोकांसाठी उभी केलेली. आत वाकून, एकेका गोल दारातून पाय उचलून जायचं. आईने ते हौसेने केलं, झोपायचे फळकुटाएवढे बर्थ पाहून "एवढ्यात कूस तरी कशी बदलायचे" असं विचारलंही. बाहेर आली आणि रस्त्याकडेच्या कठड्यावर बसली ती उठेचना. चेहरा लाल, घाम हनुवटीवरून टपटप खाली. पदराने वारा घेत म्हणाली, "बाप्पा, इथं घाम येते पण जात नाही." शहाळेवाल्याने न सांगता आपली छत्री तिच्याकडे सरकवली. तेलुगू त्याची, नागपुरी हिची, दोघांचं छान चाललं होतं. माझ्याच्याने मात्र ती दुपार अजून विसरवत नाही. ही बाई नवतपात, मेअखेरच्या त्या नऊ दिवसांच्या आगीत, गच्चीवर कुरड्या घालते हो!

तुम्ही म्हणता, समुद्राचा वारा असतो. असतो ना. जमीन पाण्याआधी तापते, तिथली हवा वर जाते आणि दुपारच्या आत समुद्राकडून वारा सुटतो. पण मे महिन्यात काही दिवस जमिनीकडून, पश्चिमेचा कोरडा वारा जोरात असतो. तो या वाऱ्याला अडवून धरतो आणि मग तिथला पाराही चाळिशीकडे सरकतो. तुमच्या सहा वर्षांत असे दिवस आलेच असणार. माणूस बदली होऊन गेला की आठवणीत फक्त वारा उरतो, असा मला संशय आहे.

मुलाला पाण्यात न उतरवण्यावर वाद नको. आर. के. बीचवर पाण्याखालची वाळू एकदम खोल जाते आणि परतणारी लाट पाय ओढते. तिथे माणसं बुडालेली आहेत, सूचनांचे फलक आहेत. अंबाझरी-फुटाळा तलावांच्या काठावर उभं राहून मोठे झालेलो आम्ही, आमच्यात कोणाला लाट कळते? ऋषिकोंड्याच्या किनाऱ्यावर नेलं त्याला, गुडघाभर पाण्यात, माझा हात त्याच्या मनगटावर. तो रडला. रडू दे.

आता नात्याचं. हे खरंच लागलं, आणि तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. विझागचं बंदर १९३३ मध्ये सुरू झालं, त्यामागचं एक मोठं कारण आपल्या मध्य प्रांतातलं मँगनीज बाहेर न्यायचं होतं, आणि त्यासाठी आग्रह धरणारी कंपनी कुठली, तर बंगाल-नागपूर रेल्वे. रायपूर-विजयनगरम मार्ग १९३१ मध्ये पुरा झाला तेव्हा आपल्याकडच्या मालाला समुद्राची सरळ वाट मिळाली. आम्ही समता एक्स्प्रेसने गेलो, म्हणजे त्याच रुळांवरून. ओडिशातल्या रायगडाच्या आसपास डोंगर लागल्यावर पोरगा खिडकीला नाक लावून बसला होता, मी मोबाइलवर हॉटेलचे शेरे वाचत होतो. शाळेच्या सहलीत मनसरच्या खाणीवरून मँगनीजचे काळे, जड दगड खिशात भरून आणले होते मी, खिसा फाटला म्हणून आईचा मारही खाल्ला. तेच दगड पुढे कुठे जातात हे कैलासगिरीच्या टेकडीवरून बंदराकडे बघतानाही माझ्या डोक्यात आलं नाही. यावर वेगळं लिहीन, पण तुमच्याशी बोलल्याशिवाय नाही. यार्डातल्या गोष्टी तुमच्याकडेच असणार.

तर माझा सल्ला कायम: डिसेंबर-जानेवारीत जा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वादळांकडे लक्ष ठेवा, २०१४ चं हुदहुद १२ ऑक्टोबरलाच धडकलं होतं.

फक्त एक अडचण झाली आहे. विझागजवळच्या सिंहाचलमच्या देवळात नरसिंहाची मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असते, आम्हाला दिसला तो लेपच. मूळ रूपाचं दर्शन वर्षातून एकदा, अक्षय्य तृतीयेला. पुजाऱ्याने आईला हे सांगितलं आणि तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. अक्षय्य तृतीया म्हणजे ऐन वैशाख! डिसेंबरचं नाव काढलं की ती ऐकून न ऐकल्यासारखं करते. तेव्हा काका, त्या दिवशी रांगेत किती वाजता उभं राहावं आणि म्हाताऱ्या माणसाला सावली कुठे मिळते, तेवढं कळवा.