डोळा 576 मेगापिक्सलचा? थांबा की जरा

आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर परत तेच फॉरवर्ड फिरायलंय. "माणसाचा डोळा म्हणजे 576 मेगापिक्सलचा कॅमेरा, कुठलाच मोबाईल त्याच्या जवळपास येत नाही, आणि जे डोळ्याला दिसत नाही पण फोटोत दिसतं ते सगळं एडिटिंग."

आधी 576 बघू. रॉजर क्लार्क नावाच्या शास्त्रज्ञानं मांडलेलं गणित आहे ते. समोरचा 120 बाय 120 अंशांचा चौकोन घ्या, एक पिक्सल 0.3 आर्कमिनिटचा (एका अंशाचे 60 आर्कमिनिट) धरा, 24,000 गुणिले 24,000 म्हणजे 57 कोटी 60 लाख पिक्सल, तेच 576 मेगापिक्सल. पण ते डोळा फिरवत फिरवत बघितलं तर, एका नजरेत नव्हे, आणि नेमकं हेच फॉरवर्डमधून गळालंय. एका नजरेत स्पष्ट दिसतं ते मधलं दोनेक अंशच, हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख दिसतं साधारण तेवढं, बाकी सगळं धूसर. पटत नसेल तर संभाजी चौकात उभं राहून दुकानाच्या पाटीवरच्या एकाच अक्षरावर नजर रोखा आणि शेजारची पाटी वाचून दाखवा (मराठी असो नाहीतर कन्नड, दोन्ही सारख्याच येणार नाहीत, त्यावरून भांडण नको). शिवाय डोळ्याच्या आतल्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या आसपास, पण मेंदूकडे जाणारे तंतू साधारण दहाच लाख, म्हणजे गाळणी डोळ्यातच लागलेली असते, मग मेगापिक्सल मोजायचे तरी कुठले?

"मोबाईल जवळपास येत नाही" याला टीव्हीचा रिमोट पुरे. सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बऱ्याच फोनात पुढचा दिवा जांभळट चमकतो, डोळ्याला काही नाही. इन्फ्रारेड आहे ते.

आता एडिटिंग. जांबोटी-चोर्लाकडून कुणी आकाशगंगेचा फोटो टाकला की खाली हमखास "फेक" येतं. अहो, अंधारात आपला डोळा प्रकाश साठवतो तो जेमतेम सेकंदाचा दहावा भाग, कॅमेऱ्याचं शटर 20 सेकंद उघडं असतं, म्हणजे दोनशे पट वेळ झाला की नाही? वर एवढ्या कमी उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी कामच करत नाहीत, अंधारात काम करणाऱ्या दंडपेशींना रंग कळत नाही, म्हणून आपल्याला करडा पट्टा दिसतो आणि फोटोत रंग येतात. रंग थोडे चढवतात लोक, नाही म्हणत नाही, पण पट्टा खराच असतो.

तो करडा पट्टा तरी बघायचा असेल तर उन्हाळ्यात अमावास्येच्या आसपास मध्यरात्रीनंतर जा आणि अर्धा तास अंधारात थांबा, डोळा सरावायला तेवढा वेळ लागतोच, आणि मधेच व्हॉट्सॲप उघडलात तर परत पहिल्यापासून. अंधुक तारा असेल तर थेट बघू नका, जरा बाजूला बघा, कारण नजरेच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतातच.