पंधरा मिनिटांची कारकुनी

काल रात्री दहाला दहा कमी असताना माझ्या फोनवर दिवसातली सातवी विनंती येऊन आदळली. ‘आणखी १५ मिनिटं हवी आहेत.’ मंजूर की नामंजूर? अर्जदार माझ्यापासून सहा फुटांवर, सोफ्यावर उलटा लोळत पडलेला. तोंड उघडून ‘आई’ म्हणायचे कष्टही नाहीत. थेट अर्ज! नऊ महिने पोटात वाढवलेल्या पोराची मी आता मंजुरी अधिकारी झालेय, फक्त शिक्का आणि शाईचा पॅड तेवढा मिळायचा राहिलाय.

मुलांच्या फोनवेळेला मर्यादा घालणारी ही यंत्रणा बसवायला मी एक अख्खा रविवार घातला होता. मुलगा अकराचा, मुलगी चौदाची, म्हणजे दोघांची गणितं वेगळी. या ॲपला अर्धा तास, त्या ॲपला वीस मिनिटं, रात्री नऊनंतर सगळं बंद. संध्याकाळी मी काय रुबाबात बसले होते! चार दिवस. फक्त चार दिवस टिकला तो रुबाब.

पाचव्या दिवशी लक्षात आलं की पोरगा मर्यादा संपल्यावरही मजेत खेळतोय. कसं? दिवसाची मर्यादा मध्यरात्री नव्याने सुरू होते. म्हणून या पठ्ठ्याने सेटिंगमध्ये जाऊन फोनचं घड्याळ ऑकलंडला नेलं. तिथे उद्या उजाडलेला असतो ना! भूगोलाच्या पेपरात अक्षांश कुठले आणि रेखांश कुठले यात गोंधळ घालणारा मुलगा, पण न्यूझीलंडमध्ये आत्ता किती वाजलेत ते झोपेतसुद्धा सांगेल. मी तारीख-वेळेला कुलूप लावलं, तर त्याने पासकोड काढला. फोन दिव्याखाली तिरका धरायचा आणि काचेवर माझ्या बोटांचे तेलकट ठसे कुठे उमटलेत ते बघायचं. चार ठसे, चार आकडे, उरला फक्त क्रम. आता मी पासकोड टाकला की ओढणीने काच पुसते. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलापासून लपवून, चोरासारखी!

आणि हे सगळं करून उपयोग काय, तर शून्य. कारण आजीच्या फोनला मर्यादाच नाही आणि तिचा पासवर्ड १२३४ आहे. ‘जाऊ दे गं, पाच मिनिटं बघतोय बिचारा.’ बिचारा म्हणे! बाबांचं तर विचारूच नका. दिवसभर घराबाहेर, रात्री घरात पाऊल टाकलं की ‘काय रे, आईने पुन्हा बंद केलं का?’ म्हणत एक तास देऊन मोकळे. ते चांगले आणि मी कैदाशीण.

मुलीची तऱ्हा निराळी. तिची एका मैत्रिणीबरोबर ‘स्ट्रीक’ आहे, ४१२ दिवसांची. दोघींनी चोवीस तासांत एकमेकींना एक तरी फोटो पाठवायचा, नाही पाठवला की आकडा शून्यावर. मला वाटायचं, काहीतरी छान पाठवत असतील. एकदा डोकावून पाहिलं तर छताचा फोटो! आदल्या दिवशी गुडघा, त्याच्या आदल्या दिवशी उशीचा कोपरा. चारशे बारा दिवस या पोरी एकमेकींना छत आणि गुडघे पाठवतायत! परवा नऊला फोन बंद झाला आणि नावापुढे ते स्ट्रीक तुटत आल्याचं वाळूचं घड्याळ आलेलं होतं, तर अशी रडली की शेजारच्यांना वाटलं असेल घरात कुणी गेलं. आणि मी द्यायला नको होती ती पाच मिनिटं दिली. हो, दिली. रात्री साडेनऊला हमसून रडणाऱ्या मुलीपुढे तत्त्वं मिरवून दाखवा, मग बोला.

माझा राग मुलांवर कमीच आहे, खरं सांगायचं तर. पूर्वी पान संपायचं, बोट थांबायचं. २००६ साली आझा रास्किन नावाच्या डिझायनरने ते कधीच न संपणारं स्क्रोल काढलं, आणि पुढे त्याचा पश्चात्ताप होतो असं त्यानेच जाहीर बोलून दाखवलं. छान झालं. पण रात्री दहाला माझ्या घरी येऊन पोराच्या हातातून फोन कोण काढणार, तो? आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ, लाल ठिपके, स्ट्रीक, सगळं पगारी हुशार माणसांनी हात सुटू नये म्हणून बनवलेलं. मग २०१८ मध्ये फोनवाल्यांनी मोठ्या मनाने ‘वेळ मोजा, मर्यादा घाला’ अशी सोयही दिली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्या मुलांना सोशल मीडियाची खाती बंद केली, तर त्यासाठी अख्ख्या देशाला संसदेत कायदा करावा लागला, कंपन्यांना दंडाची भीती घालावी लागली. आणि इथे माझ्याकडून अपेक्षा अशी की ते मी एकटीने, ओढणीने काच पुसत करावं.

वर सल्ले! ‘दिवसाला एक तास, बस. जागतिक आरोग्य संघटनाच सांगते.’ जाऊबाईंनी हे मला तीनदा ऐकवलंय. अहो, तो २०१९ चा आकडा पाच वर्षांखालच्या बाळांचा आहे! माझी पोरं पाळण्यात नाहीत. मोठ्या मुलांसाठी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ मध्ये ठराविक तासांचा आग्रह सोडला आणि म्हणाले, प्रत्येक कुटुंबाने आपापला आराखडा बनवावा. म्हणजे चेंडू फिरून पुन्हा माझ्याच अंगणात. दुसऱ्या बाजूने शाळा. पालकसभेत ‘मुलांना फोन देऊ नका’ असं बजावणारी शाळा रात्री साडेआठला ग्रुपवर गृहपाठाची पीडीएफ टाकते. ती काय मी भिंतीवर उघडू?

आत्ता हे लिहितेय तोवर आजची सहावी विनंती आली. मुलीची. न बघताच नामंजूर केली. दोन मिनिटांनी ती दार आपटत बाहेर आली. उद्या गणिताची चाचणी आहे आणि नऊ वाजता फोनने तिचा कॅल्क्युलेटर बंद केलाय. तिकडे सोफ्यावर धाकट्याचा गेम मात्र जोरात चालू. तो म्हणे ‘शैक्षणिक’ प्रकारात मोडतो.