बारावं घालायचं की तेरावं?

2004 साली आमच्या ऑफिसात एकच लॅपटॉप होता आणि तो साहेबांच्या टेबलावर असायचा. काळाकुळकुळीत, चौकोनी, आणि कीबोर्डच्या बरोबर मध्यावर लाल टिकली. साहेब एका बोटाने ती टिकली ढकलायचे, पडद्यावर बाण सरकायचा आणि आम्ही फाइल हातात धरून नुसतं बघत राहायचो. तेव्हा मनात ठरवलं होतं, कधीतरी आपलाही असा असेल.

'कधीतरी' उजाडायला वीस वर्षं लागली. पुण्याच्या जुन्या बाजारात, पितळी समया आणि एका बिनझाकणाच्या मिक्सरच्या मध्ये, तो बसला होता. आयबीएम थिंकपॅड टी42.

"चालू आहे ना?"

"मॅडम, पडला तर फरशी फुटंल, ह्याला काय होणार नाय."

चालू आहे का, याचं हे उत्तर नव्हतं, हे मला रिक्षात बसल्यावर लक्षात आलं. दीड हजार रुपये, चार्जरचे दोनशे वेगळे.

"आपण भंगारवाल्याला देतो," हे दार उघडताच म्हणाले, "त्याच्याकडून आणत नाही."

पण चालू झाला हो! हिरवी टेकडी, निळं आभाळ, विंडोज एक्सपी. मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 रोजी या एक्सपीची देखभाल सोडली, म्हणजे बिचारी टेकडी तेव्हापासून बेवारस. आधीच्या मालकाने फायरफॉक्स 52 ठेवलेलं होतं, एक्सपीवर चालणारं ते शेवटचंच. मी हौसेने एक वर्तमानपत्र उघडलं. उत्तर आलं की या साइटचं प्रमाणपत्र 2025 सालापासून वैध होणार आहे आणि आत्ता चालू आहे 2004.

लॅपटॉपच्या पोटातला बटणासारखा सेल संपला होता. त्यामुळे वायर काढली की हा गृहस्थ वीस वर्षं मागे जायचा. त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं काही चुकत नव्हतं. उद्याच्या तारखेचा चेक आपण तरी आज वटवतो का?

मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्याने लॅपटॉप उचलला, वजनाने दचकला आणि खाली ठेवला. "आई, हा बत्तीस बिटचा आहे, म्हणजे प्रोसेसर जुन्या पद्धतीचा. आत्ताच्या सगळ्या सिस्टिम चौसष्टच्या. विंडोज 11 तर याला दारातही उभं करणार नाही."

म्हणजे चौसष्ट कलांपैकी याला बत्तीसच येतात. येईनात का. माझ्या किती पूर्ण झाल्यात?

घरात एक जुनी सीडी निघाली, लुबुंटू 14.04, म्हणजे विंडोजऐवजी घालायच्या लिनक्सचा एक हलका प्रकार. ती घातली तर पडद्यावर तक्रार: तुमच्या प्रोसेसरमध्ये पीएई (जास्त मेमरी वापरायची सोय) नाही, सबब चालू करता येत नाही. आता यातली गंमत अशी की या पिढीतल्या बऱ्याच पेंटियम एम प्रोसेसरांमध्ये पीएई असतं. फक्त ते विचारलं तर सांगत नाहीत. यावर उपाय म्हणून सुरुवातीच्या ओळीत 'फोर्सपीएई' असा शब्द टाइप करायचा. थोडक्यात आग्रह करायचा. पंगतीत "नको, नको" म्हणत पानावर हात आडवा धरणारे आणि वाढलं की सहा जिलब्या खाणारे पाहुणे मी आयुष्यभर पाहिलेत. मी आग्रह केला. मुकाट्याने चालू झाला.

पण ही सीडीसुद्धा 2014 ची. दहा वर्षं पुढे आलो, अजून दहा-अकरा राहिलीच होती. शोधाशोध केल्यावर कळलं की डेबियन नावाच्या लिनक्सची बारावी आवृत्ती बत्तीस बिटवाल्यांना अजून घरात घेते. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या तेरावीने मात्र त्यांच्यासाठी इन्स्टॉलरच ठेवलेला नाही. मी हे जेवताना सांगितलं तर हे वरणभात कालवत म्हणाले, "मग काय ठरलं? बारावं घालतेस की तेरावं?"

बारावं. गुरुवारी बसले. पेन ड्राइव्ह लावला, एफ12 दाबलं, आणि भाषांच्या लांबलचक यादीत चक्क मराठी! मला भरून आलं. बँकेचं एटीएम माझ्याशी इतक्या आपुलकीने बोलत नाही. मी जोरजोरात वाचत एकेक पायरी पुढे जात होते. "आता डिस्कचं विभाजन..."

आतल्या खोलीतून सासूबाई तरातरा बाहेर आल्या. "विभाजन? कसलं विभाजन? सांगलीच्या घराचं काही बोलले का भाऊजी तुझे?"

त्यांना समजावायला मला अर्धा तास लागला. हार्ड डिस्क चाळीस जीबीची, तिच्यात कुणाच्या वाट्याला काय येणार, आणि सगळे भाग मीच घेणार आहे, हे ऐकल्यावर त्यांचा संशय वाढलाच.

विभाजन पार पडलं. पट्टी सरकू लागली. तीस टक्के, पन्नास टक्के. मी कुकर लावला. एकाहत्तर टक्क्यांवर लाइट गेली. गुरुवार! आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जायची ती गुरुवारीच, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि लॅपटॉपची मोठी बॅटरी? ती लॅपटॉपला वजन यावं म्हणून होती.

संध्याकाळी पहिल्यापासून सुरुवात. भाषा, मराठी. विभाजन मनातल्या मनात वाचलं. वायफायच्या यादीत शेजारच्यांची तीन नावं, आमचं नाव गायब. याचं वायफाय कार्ड फक्त 2.4 गिगाहर्ट्‌झ ऐकतं आणि चिरंजीवांनी राउटरवर फक्त 5 चालू ठेवलेलं, कारण 'गेमिंग'. त्याच्याकडून 2.4 चालू करून घ्यायला जी घासाघीस झाली, त्यात मी एक पिझ्झा हरले.

रात्री सव्वाबाराला लॅपटॉपने माझं नाव आणि पासवर्ड विचारला. साहेबांचं नाही, माझं.

आता तो चालतो. वर्तमानपत्र उघडायला सांगितलं की तेवढ्यात चहा होतो. पडद्याच्या वरच्या कडेला एक चिमुकला दिवा आहे, तो लाइट गेल्यावर कामाला येईल असं वाटलं होतं, पण लाइट गेली की लॅपटॉपही जातो. टिकलीवर मात्र माझं बोट आता साहेबांसारखंच फिरतं.

सेल राहिलाय. तो साधा नाही, वायरवाला लागतो. घड्याळवाले काका "बघतो" म्हणालेत, त्याला पाच आठवडे झाले. तोवर रोज सकाळी वायर लावली की तो कुरकुरतो, तारीख चुकलीय म्हणतो, आणि मी हाताने भरते. परवा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत सासूबाईंना विचारलं, "आज किती तारीख हो?"

"पंधरा. आणि एकादशी आहे, तेही घाल त्यात. नाहीतर कांदा मागेल."