भाव गोठवलाय की नुसती रक्कम जमा होतेय?

अंत्यविधीचे पैसे हयातीतच एखाद्या संस्थेकडे भरून ठेवले की घरच्यांना काही बघावं लागत नाही, असं म्हणतात; ते अर्धंच खरं आहे. भाव गोठवलेला नसेल, म्हणजे आजच्याच दरात सेवा देण्याची हमी नसेल आणि नुसती रक्कम जमा होत असेल, तर महागाईचा फरक शेवटी वारसांच्याच गळ्यात पडतो. गोठवलेला असला तरी तो बहुधा संस्थेच्या स्वतःच्या सेवांपुरता. दहनाचं शुल्क, दफनाची जागा, दाखले हे बऱ्याचदा वेगळं निघतं. पैसे संस्थेच्या चालू खात्यात जाणार असतील तर सही करू नका; स्वतंत्र विश्वस्त निधी किंवा विमा पॉलिसी हवी, नाहीतर संस्था बुडाली की पैसेही बुडाले. हप्ते पुरे होण्याआधी किंवा परगावी मृत्यू आला तर काय, हे लेखी घ्या.

आणि अंत्यविधीच्या सूचना फक्त मृत्युपत्रात लिहून कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. ते उघडेपर्यंत विधी उरकलेला असतो! एक प्रत घरात, दुसरी ज्याला पहिला फोन जाईल त्याच्याकडे.

करार नकोच असेल तर जोडीदार किंवा मुलांसोबत संयुक्त खातं, उरलेल्याला चालवता येईल असं. एकट्याच्या नावावरचं खातं मृत्यूची खबर लागताच सहसा गोठतं.