रुमालावरचा क्लोरोफॉर्म

रविवारी भाऊ-वहिनी जेवायला आले होते, टीव्हीवर जुना हिंदी पिक्चर चालू होता, त्यात गुंडानं मागनं येऊन हिरोइनच्या तोंडावर रुमाल दाबला आणि ती दोन सेकंदात आडवी. भाचा अकरावी सायन्सला आहे, तो म्हणाला, आत्या, तुमच्या लॅबमध्ये असतंय का गं हे? मी अठरा वर्षं सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत डाईंगच्या लॅबला आहे, शेड मॅचिंग करते, म्हणजे रंग नमुन्याशी जुळवते, आणि कामाबद्दल मला जे प्रश्न येतात ते जवळजवळ सगळे असेच, विष, बॉम्ब, बेशुद्ध करायचं औषध. नाहीतर केमिस्ट म्हटलं की "कुठलं मेडिकल तुमचं?" पोरांच्या डोक्यात हे पिक्चरमधनं भरलंय, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून लिहितेय.

आधी तो रुमाल. क्लोरोफॉर्मनं माणूस दोन सेकंदात पडत नाही, सलग हुंगत राहिला तरी काही मिनिटं जातात, आणि प्रमाण जरा चुकलं की श्वास नाहीतर हृदय बंद पडतं. १८४७ साली एडिनबराच्या सिम्प्सन नावाच्या डॉक्टरनं तो भुलीसाठी वापरायला सुरुवात केली आणि तेव्हापासून डॉक्टरांच्यात भांडण, पेशंट दगावतो तो श्वास थांबून की हृदय थांबून? आणि या भांडणाचा मोठा अंक घडला कुठं, तर आपल्या शेजारी हैदराबादला! तिथल्या एडवर्ड लॉरी नावाच्या सर्जनचं ठाम म्हणणं, श्वासाकडं लक्ष ठेवा, हृदयाला काही होत नाही. निजामानं पैसा दिला, १८८८ आणि १८८९ अशी दोन कमिशनं बसली, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले, दुसऱ्या वेळेला लंडनहून लॉडर ब्रंटन नावाचे मोठे डॉक्टर आले आणि त्यांनीही लॉरीचंच बरोबर म्हणून सांगितलं. पुढं १९११ मध्ये लेव्ही नावाच्या संशोधकानं मांजरांवर दाखवून दिलं की हलक्या भुलीतसुद्धा हृदय अचानक थांबू शकतं. म्हणजे एवढे प्रयोग, एवढी मोठी माणसं, आणि तरी निष्कर्ष चुकला. त्याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी नावाची पारशी बाई पेशंटला क्लोरोफॉर्म द्यायची, जगातल्या सुरुवातीच्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक, आणि पुढं ती एडिनबराला जाऊन फिजिक्स-केमिस्ट्री शिकून आली. सोलापूरहून रेल्वेनं काही तासांवर घडलेली गोष्ट आहे ही, आणि पिक्चरवाल्यांना त्यातला फक्त रुमाल दिसला.

दुसरं म्हणजे व्हिलनच्या अड्ड्यावरचं ते लाल-हिरवं उकळणारं पाणी आणि धूर. धूर म्हणजे पाण्यात टाकलेला ड्राय आइस, उणे ७८ डिग्रीचा घट्ट कार्बन डायऑक्साइड, बाकी काही नाही. आता मोरचूद निळं असतं, परमँगनेट जांभळं असतं हे कबूल, पण माझ्या टेबलावर कॉस्टिक सोड्याचं पाणी, पेरॉक्साइड, अॅसिटिक अॅसिड सगळं दिसायला पाण्यासारखंच. भीती असेल तर ती इथं आहे. म्हणून लेबल नसलेली बाटली आमच्यात कोणी हातात घेत नाही, नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला मी हेच सांगते. पिक्चरमधला सायंटिस्ट मात्र उघड्या हातानं बीकर धरतो, ना गॉगल ना ग्लोव्हज.

ब्रेकिंग बॅड ही अमेरिकन मालिका, केमिस्ट्रीचा मास्तर ड्रग्ज बनवायला लागतो ती, मी पूर्ण बघितलीय. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या केमिस्ट्रीच्या प्रोफेसर डोना नेल्सन यांचा सल्ला घेऊन बनवलीय आणि ते जाणवतं, वर्गात शिकवायचे सीन मला फार आवडले. तो निळा माल म्हणजे शूटिंगला वापरलेली खडीसाखर होती, ते ठीक. पण एक गोष्ट मला सलत राहिली, की तो माणूस प्रामाणिक मास्तर असतो तोवर बिचारा, शाळा सुटल्यावर गाड्या धुवायच्या कामाला जातो, आणि गुन्हेगार झाला की त्याच्या ज्ञानाला किंमत येते. असं का दाखवायचं?

आपल्या सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांवर व्ही. शांतारामांनी १९४६ मध्येच पिक्चर काढला, कोटणीस जाऊन चारच वर्षं झाली होती. आजही सोलापूरकराला त्यांचं नाव घेताना अभिमान वाटतो. मग केमिस्ट असीमा चॅटर्जींवर का नाही? १९४४ साली कलकत्ता विद्यापीठाची डी. एस्सी., म्हणजे विज्ञानातली डॉक्टरेट, भारतीय विद्यापीठाकडून ती पदवी मिळवणारी पहिली बाई, आयुष्यभर आपल्याकडच्या वनस्पतींमधनं औषधं शोधत राहिल्या. मी कॉलेजला असताना मला हे नाव कोणी सांगितलं नाही, नोकरीला लागल्यावर कळलं, आणि त्या दिवशी रडू आलं होतं मला.

काहीजण म्हणतील की केमिस्ट्रीत बघण्यासारखं काय असतंय, आकडे आणि वाट बघणं. माझे अण्णा मिलमध्ये रंगखात्यात होते. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांनी घरीच एका डब्यात कॉस्टिक आणि हायड्रोज (निळीचा रंग घालवून ती पाण्यात विरघळवणारी पावडर) घालून नीळ विरघळवली होती, त्यात सुताची लडी बुडवली, मला लांब उभं केलं आणि म्हणाले, लडीवरनं नजर हलवू नको. डब्यातलं पाणी पिवळट हिरवं, निळं कुठंच नाही. लडी वर काढली तर तीही पिवळट हिरवी, आणि मग हवा लागली तशी हिरवी गर्द होत होत माझ्या डोळ्यांदेखत निळी झाली. अण्णा म्हणाले, रंग आपण नाही दिला, हवेनं दिला.

येत्या रविवारी भाच्याला हेच दाखवणार आहे. थोडी नीळ मागवून ठेवलीय, त्याच्या मापाचे ग्लोव्हज आणि गॉगलही काढून ठेवलेत.